वारीच्या वाटेवरचं रान

दिवे घाट चढून माउलींची पालखी सासवडच्या पठारावर आली की दिंडीची नजर रानाकडे वळते. चालणारे बहुतेक शेतकरीच. अभंग थांबला की पहिला प्रश्न, "तुमच्याकडं ओल किती खोल गेली?" आषाढी वारी ऐन पेरणीच्या दिवसांत येते, त्यामुळे या वाटेवर जमीन वाचायला शिकवणारी माणसं पावलापावलाला भेटतात.

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहायची रीत सोपी आहे. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कंबरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर पेरा. चिकटून राहिला तर पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, घालू नका. काळ्या चिखलात फणांची तोंडं बुजतात, बी पडत नाही आणि तासांत, म्हणजे पेरलेल्या ओळींत, नांगे (रिकाम्या जागा) राहतात. उलट पहिल्याच वळवावर घाई केली तर वरची ओल उडते, कोंब करपतो आणि दुबार पेरणी गळ्यात येते. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय कोरडवाहू रानात बी टाकू नये.

जेजुरी, वाल्हे हा पर्जन्यछायेचा टापू. इथं बाजरी. एकरी दीड किलो बी, दोन तासांत दीड फूट अंतर, खोली फार तर तीन सेंटिमीटर. पेरल्यावर जोराची सर आली आणि लगेच ऊन पडलं की मातीवर पापुद्रा धरतो, नाजूक कोंबाला तो फोडवत नाही. पायांनी तुडवलं तरी तेच होतं. म्हणून विसाव्याला बसताना पेरलेलं रान सोडून बांध धरावा. कुणी हटकलं नाही तरी.

नीरेत पादुकांचं स्नान होतं आणि पलीकडे सातारा जिल्हा लागतो. लोणंदपासून पुढे फलटण, माळशिरसपर्यंत नीरा उजव्या कालव्याचं राज्य. भाटघर आणि वीर धरणांत साठलेला सह्याद्रीवरचा पाऊस इथं उसाच्या सऱ्यांतून वाहतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या दीड वर्षाच्या उसाच्या, लागणीसाठी साडेचार-पाच फुटी सऱ्या पाडलेल्या दिसतात. दोन डोळ्यांची (कोंब फुटायच्या जागांची) टिपरी, म्हणजे उसाचा तुकडा, डोळे बाजूला ठेवून दाबायची. डोळा खाली गेला तर उगवण मागे पडते. एकरी दहा हजार टिपऱ्या. हिरवं गार वाटतं खरं, पण वाल्ह्याची ती उघडी, नुकती पेरलेली तांबूस-काळी रानं मला जास्त देखणी वाटतात. तिथल्या प्रत्येक तासात कुणीतरी आभाळाचा अंदाज घेऊन मगच मूठ सोडलेली असते.