हार्लेमचा आकडा आणि पोलिसांचा हप्ता

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतला ‘नंबर्स’ हा बेकायदा आकड्यांचा जुगार म्हणजे आपल्या मटक्याचा भाऊबंदच. मटकाही सुरू झाला तो न्यूयॉर्कच्याच कापूसदरांवर. तीन आकडी नंबर, म्हणजे लागण्याची शक्यता हजारात एक. लागला तर मिळणार साधारण सहाशेपट. मधला फरक गल्ल्यात. हे गल्ले मुळात कृष्णवर्णीयांचे. १९३०च्या दशकात डच शुल्ट्झच्या गोऱ्या टोळीने ते बंदुकीच्या धाकावर बळकावले.

पोलिसांचा हप्ता वेगळाच. न्यूयॉर्क पोलिसांतल्या लाचखोरीची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगाने १९७२मध्ये त्याचा हिशेबच मांडला: साध्या वेशातल्या पोलिसाचा महिन्याचा वाटा शहराच्या मध्यवर्ती मिडटाउन भागात ३००-४०० डॉलर, हार्लेममध्ये १,५००. गरीब वस्तीचा भाव चढा! नव्या पोलिसाला पहिले दोन महिने छदामही नाही, आधी पारख. बदली झाली की मात्र तेवढी थकबाकी चुकती.