रोवणी खोळंबली म्हणून निघालो

बुधवार, रात्र. हैदराबाद

धानाच्या बांधीत पाणी नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायला आले, पण आठवडाभर आभाळ नुसतं भरून येतं आणि निघून जातं. म्हणूनच इथल्या हुसेनसागर तलावावरच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतींना येता आलं. काल बाबा म्हणाले, "पाणीच नाही तं रोवता काय? जा, पाच दिवस जाऊन या." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाऊस त्यांना हवा होता, मलाही हवा होता, तरी ते ऐकून आत कुठेतरी बरं वाटलं. त्याची टोचणी पाचशेच्या वर किलोमीटर येऊनही गेलेली नाही, म्हणून आधी तेच लिहून ठेवतो.

पवनीवाला पहाटे चारला पिकअप घेऊन अड्याळला आला. एनसीसीच्या नौदल शाखेत, अंबाझरी तलावावर, त्याला सगळे याच नावाने हाक मारायचे आणि मला अड्याळवाला. दोन जुन्या लेझर बोटी आम्ही तीन वर्षं पैसे साठवून घेतल्या. लेझरला आता आयएलसीए म्हणतात, पण आमच्या तोंडात जुनंच नाव बसलंय. सव्वाचार मीटरची बोट, मास्टवर, म्हणजे डोलकाठीवर, सात चौरस मीटरचं शीड, आणि आत माणूस एकच. म्हणजे गाडीत सोबती आणि पाण्यावर एकमेकांच्या विरुद्ध.

दोन्ही बोटी एकावर एक पालथ्या घातल्या, मधे जुन्या गोधड्या. बाहेर निघालेल्या टोकाला लाल फडकं बांधलं. भिवापूर सोडलं तसा बोटींवर आवळलेला पट्टा गुणगुणू लागला, मग भोंग्यासारखा ओरडायला लागला. पवनीवाल्याने गाडी बाजूला घेतली, पट्ट्याला एकच पीळ दिला आणि पुन्हा बांधला. आवाज बंद. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, पीळ दिला की वारा त्याला धरू शकत नाही. बाकी शिडाचंही तसंच आहे, वरच्या टोकाला पीळ पडू दिला की जोराचा वारा निघून जातो.

उमरेड, गिरड, मग समुद्रपूर. त्या पाटीसमोर त्याने गाडी थांबवली आणि आम्ही दोघं बोटींसकट फोटोत उभे राहिलो. समुद्र इथून कितीतरी लांब, पण गावाला नाव देणाऱ्याने मोठं पाणी कुठेतरी पाहिलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

जांबला हायवे लागला. हिंगणघाटच्या पुढे, वडकीजवळ चहाला थांबलो. एक म्हातारे काका बोटींभोवती फिरत होते.

"हे काय होय भाऊ?"

"शिडाची बोट होय काका."

"इंजिन कुठी आहे?"

"इंजिन नाही. वाऱ्यावर चालते."

"अन् वारा पडला तं?"

"तं बसून राहायचं. येईपर्यंत."

त्यांनी बोटीच्या पोटावर तळहात ठेवला. म्हणाले, "आमचंबी तेच आहे. कपाशी पेरून बसलो." मग आमचा मागचा दोर हाताने ओढून पाहिला, मान हलवली आणि सोडलाच. बंडीवर कडबा कसतात तशी गाठ मारली: दोराला मधे एक फास, त्यातून टोक खाली घेऊन अंगाच्या भाराने ओढ, आणि वर अडकवण. हैदराबादेत उतरवताना ती तसूभरही सैल झालेली नव्हती.

पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेचा पूल आला. पवनीवाल्याने खाली पाहून हात जोडले. त्याचा बाप ढिवर, मासेमार, डोंग्यावर वाढलेला. नद्या त्याला नात्यागोत्यासारख्या पाठ आहेत. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आमच्या वैनगंगेला, आणि मग दोघींची प्राणहिता होते.

शुक्रवार, रात्र

काल नोंदणी आणि सराव. आज शर्यती सुरू झाल्या.

हुसेनसागर सोळाव्या शतकातला, कुतुबशाहीत बांधलेला. मधोमध अखंड दगडाचा बुद्ध, अठरा मीटर उंच. १९९० साली नेताना तराफ्यावरून तळात गेला, माणसंही गेली. १९९२ साली वर काढून उभा केला. त्याच्या आडोशाला वारा तुटतो. काठच्या इमारतींवर आपटून येणारा वारा तर वेगळाच, झुळूक येते एका अंगाने आणि जाते दुसऱ्या.

मला वारा आईने शिकवला. खळ्यावर धान उपणताना ती भरलेलं सूप डोक्याच्या वर धरून नुसती थांबायची. पिंपळाचं पान हलायच्या आधी तिला गालावर कळायचं. "आला," म्हणायची आणि सूप हलवायची, धान पायाशी, कोंडा पलीकडे. आज सुरुवातीच्या रेषेवर मी तेच केलं. सुटायला पाच मिनिटं उरल्याचा भोंगा झाला, चार उरताना तयारीचा निळा-पांढरा पी झेंडा वर चढला, एक मिनिट उरताना उतरला. सगळे घड्याळाकडे बघत होते. मी गाल उजवीकडे वळवून बसलो. पाण्यावर काळपट डाग सरकत येताना दिसला. आला. सुटलो ते पहिल्या पाचात.

आणि वळसा घालायच्या पहिल्या खुणेच्या अलीकडे चुकलो. मी पोर्ट टॅकवर होतो, म्हणजे वारा डाव्या अंगाने घेत होतो, समोरून बोट आली आणि खणखणीत हाक आली, "स्टारबोर्ड!" पवनीवाला. वारा उजव्या अंगाने, स्टारबोर्डने, घेणाऱ्याला वाट द्यायची असते, हक्क त्याचा होता. मला वाटलं, निघून जाईन पुढून. त्याला सुकाणू ओढून वळवावं लागलं. तो एवढंच म्हणाला, "प्रोटेस्ट," म्हणजे हरकत. नावही घेतलं नाही. मी बाजूला होऊन दंडाच्या दोन पूर्ण गिरक्या मारल्या, आणि तेवढ्यात अर्ध्या बोटी पुढे गेल्या.

संध्याकाळी शीड घडी करताना मी त्याला सांगितलं, तू ओरडला ते बरं केलं. सोडून दिलं असतं तर मला राग आला असता. त्याने फक्त शिडाचं दुसरं टोक धरलं.

झोपायच्या आधी नेहा ठाकूरची गोष्ट निघाली. देवासकडची, शेतकऱ्याची पोरगी. भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए-४ मध्ये, म्हणजे याच बोटीच्या लहान शिडाच्या प्रकारात, रौप्यपदक घेतलं. भंडारा जिल्हा तलावांचा म्हणवतो. मालगुजारांच्या काळातले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव गावोगावी आहेत. काठावरच्या एका तरी पोराच्या हाती शीड द्यावं, एवढं मला वाटतं. आमच्या बोटी आहेत. गोसीखुर्दच्या बुडितात आम्ही सराव करतो तिथे बुडालेल्या बाभळींच्या खुंटांना डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीखालची फळी, लागते, पोरांसाठी ती जागा नाही. अड्याळजवळचा तलाव बघायला हवा.

शनिवार, रात्र अकरा

पवनीवाला एकूण सातवा. उद्या दोन शर्यती. तो पाचवा येऊ शकतो, मीही मोजून पाहिलंय.

साडेनऊला आईचा फोन आला. दुपारपासून पाऊस, बांध्या भरल्या, उद्यापासून बाया रोवायला येताहेत. "तू ये म्हणत नाही," म्हणाली, "फक्त सांगितलं." बाबांची कंबर मला माहीत आहे.

मी काहीच बोललो नव्हतो. फोन ठेवून दारात आलो तर पवनीवाला खाली अंगणात पिकअपमध्ये गोधड्या टाकत होता. शिडाच्या शर्यतीत ज्याचे गुण कमी तो पुढे, आणि न उतरलेल्या शर्यतीला एकूण बोटींपेक्षा एक गुण जास्त लागतो, म्हणजे तो पार खाली जाणार. त्याच्या घरी एक एकरही वावर नाही. मी म्हटलं, तू थांब, मी बसने जातो. तो म्हणाला, "मास्ट धर."

दोर त्याने वडकीच्या काकांसारखाच बांधला. दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा बसला.

रविवार, दुपार

पहाटे वडकी गेली. कपाशीच्या ओळींत पाणी उभं होतं. चहाची टपरी बंद होती, नाहीतर थांबलो असतो.

आता अड्याळ. बांधीतून जेवायला घरी आलोय. पवनीवाला अजून तिकडेच आहे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पऱ्ह्यांच्या पेंड्या बायांच्या हाताशी नेऊन टाकतोय. आईने दोनदा जेवायला हाक मारली, येतो म्हणतो आणि येत नाही. अंगणात दोन्ही बोटी पालथ्या पडल्या आहेत, खाली कोंबड्या शिरल्या आहेत, वर पाऊस वाजतोय.