फुंकनळीवरचं तडकलेलं कडं

ग्लासगोतल्या कार्यशाळेत त्या सकाळी एक जुना हायलँड बॅगपाइप आला. फुंकनळीवरचं हस्तिदंती कडं तडकलेलं, ते बदलून हवं होतं. पुढे वाद्य विकायचं होतं. विकायचं म्हटल्यावर कडी खरंच हस्तिदंताची आहेत का, हे बघायला मी पाचही मोठी कडी आधी भिंगाखाली घेतली: ड्रोन म्हणजे एकच सूर धरणाऱ्या नळ्या, त्यांपैकी खर्जातल्या बास ड्रोनची दोन, वरच्या सुरातल्या दोन टेनर ड्रोनची एकेक, फुंकनळीचं एक.

चार कड्यांच्या सपाट तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी होती. बाहेरच्या कडेजवळ तिचा कोन 115 अंशांहून मोठा, म्हणजे हत्तीचाच दात. मॅमथच्या दातात तो 90 च्या आत असतो. बासच्या वरच्या कड्यावर मात्र रेषा नुसत्या समांतर. कापडाने जोरात घासून नाकाशी धरलं, तर कापराचा वास. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक! तापलेली सुई टोचून पाहा, असं अनेकजण सांगतात. कृपा करून तसं करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं आणि खऱ्या हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो.

तडा का गेला, हे कडं काढल्यावर कळलं. ते लाकडावर गच्च चिकटवलेलं होतं. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं वाद्य पुन्हा वाजवायला घेतलं की फुंकरीतला ओलावा सगळ्यात आधी फुंकनळीत उतरतो. आफ्रिकन ब्लॅकवुड, आपल्या शिसवीच्याच कुळातलं लाकूड, फुगतं. हस्तिदंत तेवढं ताणलं जात नाही, म्हणून तडकतं.

बदली कडं कशाचं करायचं? दुधातल्या केसीन या प्रथिनाचं, फॉर्मॅलिनमध्ये घट्ट केलेलं प्लास्टिक डोळ्यांना हस्तिदंताच्या फार जवळचं वाटतं, पण ते पाणी शोषतं आणि त्यावर बारीक चिरा पडतात. फुंकनळीवर ते नकोच. मी ओतीव ॲक्रिलिकचा दांडा घेतला. रंग ट्यूबलाइटखाली जुळवला तर हमखास चुकतो, म्हणून टेनरचं कडं शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात निवडला. मापंही त्याच कड्याची घेतली.

लेथवर आधी आतलं भोक, मग बाहेरचा आकार. हत्यार बोथट असलं की ॲक्रिलिक तापतं, कीस वितळून धारेला चिकटतो आणि पृष्ठभाग ढगाळ होतो. धार लावून हलके काप घेतले. आत सगळीकडून 0.1 मिलिमीटर सैल ठेवलं; ती जागा लाकडाच्या फुगण्यासाठी. शेवटी 400, 800, 1200 नंबरचा पॉलिशपेपर पाण्यासोबत.

हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी घालणारा ब्रिटनचा हस्तिदंत कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे. 1975 पूर्वीचं वाद्य, हस्तिदंत आकारमानाने 20 टक्क्यांहून कमी, अशी सूट आहे. मात्र विक्रीआधी 20 पौंड भरून नोंदणी लागते. बॅगपाइप त्या मर्यादेत सहज बसतो. मालकाच्या नोंदीत मी चारऐवजी तीन हस्तिदंती, एक सेल्युलॉइड, एक ॲक्रिलिक असं लिहून दिलं. तडकलेल्या कड्याचे दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून त्यांच्याच हाती दिले.