जिनिंगच्या काट्याचं लिनक्स आणि व्हर्टआयओ

दारव्हा तालुक्यातल्या एका जिनिंगचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सेंटओएस ७ या लिनक्सवर चालतं. जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा अख्ख्या डिस्कची इमेज काढून मी ती केव्हीएमवर (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवण्याची लिनक्समधली सोय) व्हर्च्युअल मशीन म्हणून बसवली. मशीन उठली, पावत्या निघाल्या. पण कापसाचा हंगाम भरात आला, फाटकापासून रोडपर्यंत गाड्या लागल्या, की एक नोंद सेव्ह व्हायला नको तेवढा वेळ लागायचा. त्यातच बॅकअप सुरू झाला तर स्क्रीन जागच्या जागी थांबायची. काट्यावरच्या दिवाणजींचा फोन यायचा, "भाऊ, पावती निघूनच नाही राह्यली. गाडीवाले बोंबलून राह्यले." रात्रभर रांगेत बसलेल्या शेतकऱ्याला काट्यावर आणखी ताटकळत ठेवणं मला पटत नाही, म्हणून डिस्क आणि नेटवर्क व्हर्टआयओवर नेण्याचं काम मनावर घेतलं.

कारण सरळ होतं. डिस्क आयडीई या जुन्या प्रकारानं जोडलेली होती आणि नेटवर्क कार्ड इंटेलचं ई१०००. ही दोन्ही खरी नाहीत, केव्हीएमसोबत चालणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम त्यांची नक्कल करतो. आतल्या लिनक्सला वाटतं खरंच कार्ड आहे, म्हणून ते त्याच्या रजिस्टरमध्ये लिहितं, आणि अशा प्रत्येक लिहिण्यापाशी मशीन थांबवून काम बाहेरच्या होस्टकडे, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरकडे, जातं. प्रत्येक पोत्यामागे मुनीमानं मालकाला फोन लावावा, तसा हा कारभार. व्हर्टआयओ ही खास व्हर्च्युअल मशीनसाठी केलेली डिस्क आणि नेटवर्क जोडण्याची पद्धत. तीत आतल्या लिनक्सला माहीत असतं की आपण व्हर्च्युअल आहोत. दोघांच्या सामाईक मेमरीत एक रांग असते, तीत ते बरीच कामं लिहून ठेवतं आणि होस्टला एकदाच हाक मारतं.

लिनक्सचे प्रोग्रॅमर रस्टी रसेल यांनी लिहिलेलं व्हर्टआयओ जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्सच्या आतच आहे. विंडोजला ड्रायव्हरची वेगळी आयएसओ जोडावी लागते, इथे काही डाउनलोड करायचं नाही. सेंटओएस ७ च्या ३.१० कर्नलमध्ये व्हर्टआयओ-ब्लॉक, व्हर्टआयओ-नेट, सगळी मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइली, पडलेली असतात.

तरीही सरळ बस (डिस्क जोडण्याचा प्रकार) बदलली तर अशी मशीन बहुतेक वेळा उठत नाही. कर्नल सुरू होतो, जिच्यावर सगळी सिस्टिम आहे ती रूट डिस्क शोधतो, ती सापडत नाही आणि ड्रॅकटच्या (मशीन उठवण्याची तयारी करणाऱ्या टूलच्या) आणीबाणीच्या प्रॉम्प्टवर जाऊन बसतो. मॉड्यूल आहे, पण ते त्याच डिस्कवर आहे जी वाचण्यासाठी ते हवं! ही अडचण सोडवायलाच इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलसोबतच मेमरीत उतरणारी ड्रायव्हरची छोटी पेटी, असतो. सेंटओएस ७ मध्ये ड्रॅकट तो बनवताना फक्त समोरच्या हार्डवेअरपुरते ड्रायव्हर आत घेतो. आमचा तर जुन्या कॉम्प्युटरवर बनलेला, त्यात व्हर्टआयओ येणार कुठून? एखादी छोटी व्हर्टआयओ डिस्क जोडून ती दिसते का हे पाहण्याची युक्ती बरेच जण सांगतात. त्यानं कर्नलकडे ड्रायव्हर आहे एवढं कळतं, इनिटरॅमएफएसमध्ये तो आहे का हे कळत नाही.

म्हणून आधी मशीन बंद करून इमेजची कॉपी काढली. मग मशीन जुन्याच आयडीईवर सुरू करून ड्रॅकटच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये एक फाइल टाकली. तिच्यात ॲड-ड्रायव्हर्सची एकच ओळ: व्हर्टआयओ-पीसीआय, व्हर्टआयओ-ब्लॉक, व्हर्टआयओ-नेट. अवतरणचिन्हाच्या आत सुरुवातीला आणि शेवटी एकेक स्पेस सोडायची. ती नसेल तर दुसऱ्या फाइलमधलं नाव याला चिकटतं आणि ड्रॅकट भलतंच नाव शोधत बसतो. मग ड्रॅकट फोर्सनं चालवला (जुन्या इनिटरॅमएफएसच्या जागी नवा बनवायला) आणि त्यात काय आहे ते दाखवणाऱ्या एलएस-इनिटआरडी कमांडच्या यादीत व्हर्टआयओ दिसल्यावरच पुढे गेलो.

कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं हे सांगणारी एफएसटॅब फाइलही बघून घ्या. नव्या बसवर आतल्या लिनक्समध्ये डिस्कचं नाव एसडीएचं व्हीडीए होतं. एलव्हीएमचं नाव किंवा यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) असलेल्या ओळींना काही होत नाही, पण कोणीतरी हातानं एसडीबी१ लिहून जोडलेलं बॅकअपचं पार्टिशन अडतं. आमच्याकडे ते होतंच, तिथे यूयूआयडी टाकला.

मग मशीन बंद करून व्हर्श एडिटमध्ये (व्हर्च्युअल मशीनची सेटिंग बदलण्याची कमांड) डिस्कची बस व्हर्टआयओ केली, एचडीएचं व्हीडीए केलं आणि त्याखालची ड्राइव्ह प्रकाराची ॲड्रेसची ओळ काढून टाकली. ती राहिली तर या मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट बदल स्वीकारत नाही. नेटवर्कला फक्त मॉडेल बदलून व्हर्टआयओ केलं. मॅक ॲड्रेस आणि पीसीआय स्लॉट तेच ठेवले. कुणाची मशीन तरीही उठली नाही, तर सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूत रेस्क्यूची ओळ निवडावी; त्या इनिटरॅमएफएसमध्ये सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर असतात.

आता बॅकअप सुरू असतानाही पावती लगेच निघते.

सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. काट्याचं सॉफ्टवेअर अजून नव्या सिस्टिमवर आलेलं नाही, म्हणून ही मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवली आहे. आणि आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा धरून कोणी डिस्कचा कॅश मोड "अनसेफ" करू नका. त्यानं वेग वाढतो खरा, पण डेटा डिस्कवर उतरवण्याची आतल्या मशीनची विनंतीच होस्ट कानाआड करतो, आणि होस्टची लाइट गेली की शेवटच्या गाड्यांच्या नोंदी गेल्या. आमच्याकडे इन्व्हर्टर असूनही मी कॅश मोड "नन" ठेवला आहे.