तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ह्यात तू करतेस तरी काय?’

विचारणारी माणसे बदलतात, प्रश्न मात्र तोच राहतो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कोणी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावते, अंगठ्याने नुसते इकडेतिकडे सरकणारे एक ठिपक्यांचे माणूस आणि त्याच्यावर चालून येणारी वटवाघळे नि सांगाडे पाहते आणि विचारते, “मॅडम, ह्यात तुम्ही नक्की करता काय?” आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाचे नीट लिहून टाकते.

मी फोनवर खेळते त्या ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’ ह्या खेळात वार करण्याचे बटणच नाही. शस्त्रे आपापल्या वेळेला आपोआप चालतात; तुम्ही फक्त चालायचे, मेलेल्या राक्षसांमागे पडलेले खडे वेचायचे आणि पातळी वाढली की समोर आलेल्या तीन-चार गोष्टींपैकी एक निवडायची. एका डावात सहा शस्त्रे, सहा पूरक वस्तू, आणि तग धरायला तीस मिनिटे. खेळाची सारी करामत त्या निवडीत आहे. साधा चाबूक आठव्या पातळीपर्यंत नेला आणि सोबत ‘हॉलो हार्ट’ ही पूरक वस्तू घेतलेली असली, तर दहाव्या मिनिटानंतरच्या एखाद्या खजिन्याच्या पेटीतून त्याच चाबकाचे रक्त शोषणारे रूप हाती येते. अशा जोड्या ध्यानात ठेवून, कोणती जागा कशासाठी राखायची हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवावे लागते. म्हणजे मी काही करत नाही असे नाही, हे माझे पहिले उत्तर.

त्याच्या जुनाट रूपाबद्दलही गैरसमज आहे. ‘लहानपणीचे आठवते म्हणून खेळता ना?’ असे विचारणाऱ्यांना सांगते, की आमच्या घरच्या पिवळ्या कॅसेटच्या टीव्ही गेमवर कॉन्ट्रा आणि मारिओ होते. हा खेळ ज्याची नक्कल करतो तो १९८६ चा ‘कॅसलव्हेनिया’ मी पाहिलाही नव्हता. शिवाय तो ज्यावर चाले त्या मूळ फॅमिकॉम यंत्राला एका वेळी पडद्यावर ६४ हलती चित्रे, आणि एका आडव्या ओळीत आठच, एवढेच झेपत असे. इथे शेकडो राक्षस एकदम अंगावर येतात. चेहरा जुना असला तरी जुन्या यंत्राला हा खेळ पेललाच नसता. त्याची किंमत मात्र अशी की पंचविसाव्या मिनिटाला स्वतःच्याच शस्त्रांच्या झगमगाटात आपण कुठे आहोत हे दिसेनासे होते.

आता ती गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. गेल्या पावसाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली होती. मी ‘मॅड फॉरेस्ट’ ह्या जंगलाच्या टप्प्यात एकोणिसाव्या मिनिटाला होते, डाव उत्तम जमला होता, आणि सिलिंडरवाला आला. खेळ थांबवता आला असता. पण खरे सांगायचे तर मला मिरवायचे होते. इतका कठीण खेळ मी कुठवर आणला आहे हे तिने पाहावे, असे वाटले. म्हणून फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “आई, दोन मिनिटं नुसता धर, काही वर आलं तर त्यावर बोट ठेव.” सिलिंडरचे वजन, ओटीपी, सुटे पैसे, ह्यात दहा-बारा मिनिटे गेली. परत आले तेव्हा आई सोफ्यावर टेकून बसली होती आणि तिचा अंगठा पडद्यावर नव्हताच. माझे ते माणूस जंगलाच्या मधोमध निवांत उभे होते. ग्रंथ आणि लसूण हीही इथली शस्त्रेच: भोवती ग्रंथांचे कडे फिरत होते, लसणाच्या वलयात शिरेल तो राक्षस विरघळत होता. तीस मिनिटे पूर्ण झाली, सगळे राक्षस नाहीसे झाले आणि कोयता घेतलेला मृत्यू आला, म्हणजे टप्पा पार पडला. “हा यम दिसतोय,” आई म्हणाली. मग फोन परत देताना, कसलाही खोचकपणा नसलेल्या स्वरात, तिने विचारले, “पण मग ह्यात तू काय करतेस गं?”

मला राग आला, आणि तो तिच्यावर निघाला. म्हटले, सगळी मांडणी मी आधीच करून ठेवली होती म्हणून तू जिंकलीस. ती “बरं” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

त्या रात्री मी खेळातल्या दुकानात जाऊन, साठवलेल्या सोन्याने विकत घेतलेली ताकदीची सगळी कायमची वाढ परत केली. तशी सोय खेळात आहे, सोनेही परत मिळते. कारण ह्या खेळातली माझी खरी शंका तीच होती: हरलेल्या डावातले सोने साठवून माणूस पुढच्या डावाला जास्त ताकदवान होऊन उतरतो, तेव्हा सुधारतो कोण, मी की आकडे? कोरे उतरून दहा डाव खेळले, तीनच तडीस गेले. मीही काही करते ह्याचा पुरावा मिळाला, असे मी स्वतःला सांगितले. पण त्या तिन्ही डावांत शेवटची दहा मिनिटे मी पुन्हा नुसती उभीच होते, हेही तितकेच खरे.

२०२२ मध्ये, खेळ पूर्ण स्वरूपात आला तेव्हा, मी मैत्रिणीला छातीठोकपणे सांगितले होते की ह्यात जुगाराचा लवलेश नाही. पुढच्या वर्षी ‘एल्डन रिंग’सारख्या अवाढव्य खेळाला मागे टाकून त्याने ‘बाफ्ता’ ह्या ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार घेतला, तेव्हा तर माझा आवाज आणखी चढला. आज त्या ठाम बाईशी माझे पटत नाही. खेळ बनवणारा लुका गालान्ते आधी जुगाराच्या खेळांच्या व्यवसायात होता, आणि पेटी उघडताना जो दिव्यांचा, नाण्यांचा, संगीताचा धुरळा उडतो, एक वस्तू निघणार की तीन की पाच ह्यावर श्वास अडकतो, त्यात ते शिक्षण स्पष्ट दिसते. तरीही त्या पेटीसाठी तो पैसे मागत नाही. फोनवर खेळ फुकट आहे, जाहिरातसुद्धा तुम्ही स्वतः मागितली तरच दिसते. ह्याला प्रामाणिकपणा म्हणावे की नाही, ह्यावर माझे मत आठवड्याला बदलते.

ह्या दिवाळीत आई पुन्हा आली. मी मुद्दाम डाव अगदी सुरुवातीपासून तिच्या हाती दिला. पहिल्या तीन वेळा ती पाचव्या मिनिटाच्या आतच संपली, आणि मला, लाज वाटते सांगायला, बरे वाटले. चौथ्या वेळी ती सोळाव्या मिनिटापर्यंत गेली. पर्यायांत लसूण दिसला की ती दुसरे काही वाचतच नाही.