रात्री दोनचा कूलर

घरातलं कोणतं उपकरण किती वेळ चालतं हे एकाच जागी मोजून ओळखायला मीटरपाशी फेजच्या वायरला सीटी (करंट मोजणारं कडं) अडकवून पीझेम-००४टी (व्होल्टेज, वॅट मोजणारं मॉड्यूल) आणि ईएसपी३२ (छोटा वायफाय कंट्रोलर) बसवलं, इथवर मागच्या नोंदीत आलं होतं. दर सेकंदाला एक रीडिंग, त्यावर रँडम फॉरेस्ट (उदाहरणांवरून शिकणारं मॉडेल), आणि सकाळी मोबाइलवर यादी: फ्रिज किती तास, कूलर किती, टिल्लू किती. दोन आठवडे सगळं इतकं बरोबर आलं की मीच हरखलो.

मग मंगळवारी आईने यादी वाचली. "काहून रे, राती दोन वाजता कूलर कोन लावला? आपून त सारे गच्चीवर होतो."

त्या वेळचं शॅप काढून पाहिलं. (२०१७ ची पद्धत. एका अंदाजात कोणत्या इनपुटचा किती हात, हे हिस्सेवाटणीसारखं मांडते.) सगळ्यात लांब पट्टी व्होल्टेजची! वॅटमधली उडी, जिच्यावरून कूलर ओळखायचा, ती पार तळाला.

आमच्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) संत्र्याच्या बागांचे पंप आहेत. मॉडेलला शिकवायला कोणत्या वेळी काय सुरू होतं याची लेबलं मी लावली त्या पंधरवड्यात पंपांची लाइन दिवसा होती. भर दुपारी व्होल्टेज १९० पर्यंत उतरायचं आणि तेव्हाच घरात कूलर सुरू असायचा. मॉडेल कूलरच्या नावाखाली लाइनची पाळी शिकून बसलं. पाळी रात्रीची झाली, तसा याचा कूलरही रात्री लागला. टेस्टचे दिवसही त्याच पंधरवड्यातले, त्यामुळे अचूकतेच्या आकड्यात हे दिसणारच नव्हतं.

व्होल्टेज आणि तास दोन्ही इनपुट काढून टाकले. त्याऐवजी जॉर्ज हार्टच्या १९९२ च्या लेखातली युक्ती घेतली: वॅटला (२३०/व्होल्टेज)² ने गुणायचं. तो अमेरिकेतला, त्याच्या सूत्रात १२० आहे. १९० व्होल्टला हजार वॅटची रॉड ६८२ वॅटच ओढते, गुणलं की परत हजार. मोटरला हे तंतोतंत लागू पडत नाही, थोडा झोल राहतोच.

रात्रीचं भूत गेलं. फ्रिज-कूलरची गल्लत मात्र आहे, दोघंही दीडशे वॅटच्या आसपास. तिथे मॉडेलची भिस्त पॉवर फॅक्टरवर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती, त्यावर) आहे, आणि ते मला पटतं. पण परवाच कूलरचा कपॅसिटर बदलला, म्हणजे लेबलं पुन्हा लावणं आलं. कूलर लावला की वेळ लिहायला आईला वही दिली आहे. पहिली नोंद: "जेवनं झाल्यावर."