जुन्या वेस्टन मीटरचा काटा हलता करताना

वेस्टन मास्टर २ हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला लाइट मीटर, म्हणजे फोटो काढताना प्रकाश मोजायचं उपकरण. त्याला बॅटरी लागत नाही. सेलेनियमच्या सेलवर प्रकाश पडला की किंचित करंट तयार होतो आणि काटा सरकतो. माझ्याकडे आलेल्या मीटरचा काटा मात्र भर उन्हातही जागचा हलेना. असं झालं की बहुतेक जण ‘सेल गेला’ म्हणून मोकळे होतात. वयामुळे, ओलीमुळे सेल जातोही. पण आतले संपर्क गंजले तरी बाहेरून नेमकं तेच दिसतं.

मीटर हळूच डावी-उजवीकडे कलवून पाहिला. काटा मोकळा डुलला, म्हणजे काटा फिरवणारी कॉइल आणि तिच्या केसासारख्या स्प्रिंगा कुठे अडकलेल्या नव्हत्या. मग उघडून सेल कॉइलपासून सोडवला, मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवला आणि थेट सेलला लावला. (ओहमच्या रेंजवर मल्टिमीटर कॉइलला कधीही लावू नका. त्याच्या बॅटरीचा करंट या कॉइलला झेपत नाही, काटा फटकन आपटून वाकतो.) सेल खिडकीकडे वळवला तसा आकडा चढत गेला. सेल जिवंत होता!

दोष निघाला संपर्काच्या पट्टीत. सेलच्या कडेला ती जिथे टेकते तिथे काळपट थर धरला होता. खोडरबरचा बारीक तुकडा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेही फक्त पट्टीला. सेलच्या दर्शनी बाजूवर धातूचा इतका पातळ थर असतो की त्यातून प्रकाश आरपार जातो. तो पुसला गेला तर उरतो नुसता पत्रा.

काटा हलू लागला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. मीटर किती चुकतो यापेक्षा तो सगळीकडे सारखाच चुकतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी मीटर झाकून, मागच्या स्क्रूने काटा शून्यावर आणला. मग एकसारखा प्रकाश पडलेली साधी भिंत घेतली, डिजिटल कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये फक्त तीच ठेवली आणि दोघांची रीडिंग ताडून पाहिली. उन्हात, सावलीत, ढगाळ हवेत. इथे एक गोम आहे: या मीटरवरचे फिल्म स्पीडचे (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचे) आकडे वेस्टनचे स्वतःचे आहेत, फिल्मच्या डब्यावरच्या एएसए आकड्यांपेक्षा एक तृतीयांश स्टॉपने कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). १०० च्या फिल्मला ८० लावायचे, ४०० ला ३२०. हे धरूनही माझा मीटर उजेडात सगळीकडे साधारण एक स्टॉप कमी दाखवत होता. मग आत आणखी काही करायची गरजच उरली नाही. ४०० च्या रोलला आता ३२० ऐवजी ६४० लावतो. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ वर आणि शटर ‘एक भागिले फिल्म स्पीड’ इतके सेकंद, या जुन्या नियमाशीही ते जुळतं.

मागची जाळीदार झडप उघडली की कमी प्रकाशासाठीच्या आकड्यांची पट्टी समोर येते. तिथे मात्र याची चूक ठरलेली नाही, कधी दोन स्टॉप तर कधी त्याहून जास्त. म्हणून घरातला प्रकाश मी याने मोजत नाही. स्लाइड फिल्मलाही वापरत नाही, ती अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा माफ करत नाही. कृष्णधवल निगेटिव्ह तेवढी चूक सहज पोटात घालते.